एकाकी माश्यांस घर कशाचे द्यावे?

आपल्याकडे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द जोडीने उच्चारण्याचा जुना प्रघात आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. महसुलाच्या दप्तरात ज्याची उमेद खर्ची पडली त्या माणसाच्या कानी हे शब्द इतके रुळलेले असतात की, त्या दोहोंचा एकमेकींशी संबंध काय याचा विचार तो सहसा करीत नाही. हद्दीचे व वहिवाटीचे तंटे काळीत आणि ते लढणारी माणसे पांढरीत, एवढाच काय तो आम्हां बोरूबहाद्दरांचा अनुभव. परंतु पांढरीच्या आश्रयाने राहून काळीत राबणारे एक कष्टाळू कूळ असे आहे की, त्याचे नाव सातबाराच्या कोणत्याही रकान्यात आढळावयाचे नाही. अलीकडे हे कूळ बेघर होत चालले आहे, आणि त्यास घर देण्याच्या सद्धेतूने काही मंडळी असे उपाय योजू लागली आहेत की, त्यांपेक्षा बेघर राहिलेले बरे. म्हणून हा लेखनप्रपंच.

हे कूळ म्हणजे एकाकी माश्या होत. माशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आग्या, सातेरी किंवा फुलोरी या पोळे करणाऱ्या माश्या येतात. कारण त्या मध देतात आणि प्रसंगी तोंड सुजवितात. परंतु या वर्गातील ज्या वीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी जगभर नोंदविल्या आहेत, त्यांपैकी बहुसंख्य जातींत राणी नाही, कामकरी नाही, पोळे नाही आणि मधाचे कोठारही नाही. एकेक मादी आपल्याच हिमतीवर एखादे भोक, नळी किंवा फट शोधते, तीत पराग व मधुरस यांची शिदोरी भरते, तीवर एक अंडे घालते, मध्ये भिंत घालून ती कोठडी बंद करते आणि पुढची कोठडी बांधावयास घेते. एका कोठडीच्या शिदोरीसाठी तिला पंधरावीस फेऱ्या घालाव्या लागतात. घर भरले की दार लिंपून ती निघून जाते. लेकरांचे तोंड पाहणे तिच्या नशिबी बहुधा नसते. राखावयास पोळे नसल्यामुळे ती माणसाच्या अंगावरही येत नाही. मुठीत दाबली तर डसेल, पण तो दोष मुठीचा.

पुस्तकांत जिला गवंडी माशी म्हणतात ती मूळची थंड मुलखातील. हिमालयाच्या बाजूस ती आढळते. आपल्या पठारावर तिचे काम तिची चुलत भावंडे करतात. कोणी मातीने, कोणी झाडाच्या राळेने कोठड्या बांधतात. कोणी तुरीच्या, गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांचे चकतीसारखे तुकडे कातून त्यांचे अस्तर लावतात. गुलाबाच्या पानास अर्धचंद्राकार कापे दिसले की कीड पडली असे समजून फवारा काढणारे पुष्कळ आहेत. ती कीड नव्हे, ही पानकापी माशी होय. वाळल्या लाकडास गोल भोक पाडणारा मोठा काळा भुंगा आणि मातीच्या भिंतीत बीळ करणारी निळ्या पट्ट्यांची चपळ माशी हीही याच बिरादरीतील. या देशातील अशा माश्यांचे व गांधीलमाश्यांचे सविस्तर वर्णन बिंगहॅम नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने १८९७ साली ग्रंथरूपाने केले.

आता कोणी विचारील की, मध न देणाऱ्या या प्राण्याची आपणांस काय पडली आहे? तर आपल्या माणदेशातीलच पिके घ्यावी. वांगे व टोमॅटो यांच्या फुलांत पराग एका बंद कुपीत असतो आणि कुपीच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच तो बाहेर पडतो. फूल धरून अंग थरथरविणारी माशी आली तरच तो नीट झडतो. ही थरथर आपल्या मधमाशीस साधत नाही. ती काळ्या भुंग्यास व निळ्या पट्ट्यांच्या माशीस साधते. लसूणघासाच्या फुलाची रचना अशी आहे की, माशीच्या धक्क्याने ते फट्‌कन उघडते आणि तिच्या डोक्यावर आपटते. मधमाशी एकदा मार खाल्ल्यावर शहाणी होऊन बाजूने रस चोरते. पानकापी माशी मात्र मार खाऊन काम करते. तूर व ताग यांच्या फुलांवर पानकापी व काळा भुंगा यांचीच वर्दळ अधिक. शेवग्यास भुंगा हवा. कांद्याच्या गोंड्यांस तर जी येईल ती माशी हवीच, नाहीतर बियाणे कोठून धरणार? सातारा जिल्ह्याने मधमाशीसाठी पुष्कळ केले आहे. महाबळेश्वराजवळचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ही आपणां सर्वांस भूषणास्पद गोष्ट होय. परंतु महाबळेश्वराचा पाऊस व फुलोरा वेगळा आणि महादेवाच्या डोंगराआडचा आपला कोरडा माळ वेगळा. जेथे चारा-छावणीच्या हंगामात माणसास टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मधपेटी बारा महिने जगविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. एकाकी माशीस पेटी नको, पाक नको, पगारी मनुष्य नको. फक्त घर हवे, आणि ते योग्य जिनसेचे हवे.

आपल्या संघाच्या गेल्या बैठकीत अशी सूचना पुढे आली की, बाजारात मिळणारी तयार ‘माशीघरे’ घाऊक आणून सभासदांस वाटावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे याविषयी आमच्या मनात किंतु नाही. तथापि नमुना म्हणून आलेले घर आम्ही हाती घेऊन पाहिले आणि आमचे मत तत्काळ विरुद्ध गेले. ते दिसावयास देखणे आहे. खोक्यास हिरवा रंग व वर चकाकी दिलेली, मध्ये तीन-तीन इंचांचे बांबूचे तुकडे, काही दुतर्फा उघडे व काही पातळ प्लायवूडला सरसाने चिकटविलेले, एका खणात प्लास्टिकच्या रंगीत नळ्या, खालच्या खणात लाकडाचा भुसा आणि वरच्या कोपऱ्यात फुलपाखरासाठी एक उभी चीर. फुलपाखरू अशा चिरेत राहावयास जाते असे निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. पाल मात्र जाईल.

प्रथम लांबीचा विचार करू. माशीच्या मादीस एक विलक्षण अधिकार आहे. अंडे फलित करून घातले तर त्यातून मादी निपजते आणि अफलित घातले तर नर. आणि कोणते कोठे घालावयाचे हे ती स्वतः ठरविते. ती माद्यांची अंडी नळीच्या तळाशी, आतल्या सुरक्षित बाजूस घालते आणि नरांची दाराशी. नळी आखूड असली की आत जागाच उरत नाही आणि सारा वंश नरांचा होतो. शिदोरी वाहून आणणारी व घर बांधणारी मादीच. तेव्हा तीन इंचांच्या नळ्या टांगणे म्हणजे बैलजोड्यांऐवजी नुसत्या झुली विकत घेण्यासारखे आहे. नळी सहा इंचांहून आखूड नसावी. ती मागून बंद असावी. दुतर्फा उघड्या नळीत वारा व मुंग्या शिरतात आणि माशी तीकडे ढुंकून पाहत नाही.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे; कारण प्लास्टिकची नळी आपल्याकडे विकत आणावी लागत नाही. डाळिंबाच्या प्रत्येक बागेच्या कडेस ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात. त्यांचे वीतवीत तुकडे करून, जुडी बांधून झाडास टांगावे ही कल्पना कोणासही सुचण्यासारखी आहे आणि आमच्या शेजारच्या एका होतकरू बागायतदारांस ती सुचलीही. माश्या आल्या, दारे लिंपली गेली, मंडळी हरखली. पुढे पाहतो तो एकाही नळीचे दार आतून फुटलेले नाही. उभ्या चिरून पाहिल्या तेव्हा आत शिदोरीवर पांढरी-हिरवी बुरशी आणि तिच्यात काळ्या पडलेल्या अळ्या. यात दैवाचा काही भाग नाही. परागाच्या गोळ्यास ओल असते व अळीच्या श्वासासही ओल असते. वेळू, बोरू, लाकूड किंवा माती ती ओल शोषून बाहेर टाकतात. प्लास्टिक व काच ती आतच कोंडतात आणि रात्री गारव्याने नळीच्या आतून दव सुटते. वर वैशाखातले माणचे ऊन आणि नळीचा रंग काळा! हाच प्रकार काचेच्या नळ्यांचा, बाटल्यांच्या झाकणांचा आणि सरबताच्या नळ्यांचा. माशी बिचारी भोकाचा आकार पाहून घर पसंत करते. भिंत कशाची आहे हे परीक्षून घेण्याची अक्कल तिला निसर्गाने दिलेली नाही, कारण निसर्गात प्लास्टिक नव्हतेच. कॅनडात टोराँटो शहरी काही पानकापी माश्यांनी पानांऐवजी चक्क प्लास्टिकच्या पिशव्यांचे कपटे कातून कोठड्या बांधल्याचे तेथील शोधकांनी २०१३ साली नमूद केले आहे. तेव्हा ‘माशी आली, म्हणजे घर चांगले’ हा युक्तिवाद लंगडा आहे. किती आत गेल्या हे मोजू नये. किती बाहेर आल्या हे मोजावे.

मग घर कशाचे? आमच्या मते आपल्या भागात पहिला मान बोरूचा. ज्या बोरूची लेखणी करून आमच्या आधीच्या पिढ्यांच्या कारकुनांनी गावोगावची दप्तरे लिहिली, तोच हा. ओढ्याकाठी व पाझर-तलावाच्या मागे तो आपोआप वाढतो. कापून सावलीत खडखडीत वाळवावा आणि मागच्या बाजूस पेर राहील अशा बेताने सहा ते आठ इंचांचे तुकडे करावे. जपानात सफरचंदाचे बागायतदार १९४० नंतरच्या दशकापासून अशाच वेताच्या जुड्या बांधून तेथील गवंडी माशी पाळीत आले आहेत. म्हणजे हा काही आमच्या डोक्यातील खूळ नव्हे. बोरूचा आणखी गुण असा की, जुना झाला म्हणजे तो चिरून आतली स्थिती पाहता येते आणि फेकून देण्यास जिवावर येत नाही.

वेळूही चांगला, परंतु त्यात फसगत अधिक. बाजारात मिळणारा वेळू घुणाच्या भयाने पुष्कळदा कीटकनाशकात अथवा टाकणखाराच्या द्रावणात बुडविलेला असतो. मंडपासाठी तो उत्तम, माशीसाठी तो यमाचे घर. कारण जे औषध घुणास मारते ते माशीच्या अळीस कसे सोडील? म्हणून विक्रेत्यास स्पष्ट विचारावे, आणि तो घुटमळला तर घेऊ नये. कोणाच्या परड्यात बेट असेल तर सर्वांत चांगले. हिवाळ्यात पक्का वेळू तोडावा आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्याने आतले पीठ धुवून जाते आणि घुणास खाण्याजोगे थोडेच उरते. जुने लोक यासाठी वाहते पाणी घेत. माणगंगेस वाहते पाणी पावसाळ्याचे काही दिवस, हे ठाऊक असूनही असा सल्ला देणे म्हणजे थट्टाच. तरी गुरांच्या नव्हे अशा हौदात बुडवून पाणी दोनचारदा बदलले तरी काम भागते. नंतर सावलीत वाळवावा. कोयत्याने तोडू नये; कोयत्याने कडा फाटते व कुसळे निघतात, आणि त्यांवर घासून माशीचे पंख फाटतात. बारीक दातांच्या करवतीने कापून तोंड काचकागदाने गुळगुळीत करावे आणि आतला पापुद्रा सळईने काढावा.

भोकाच्या मापाविषयी थोडक्यात असे की, मुलांची शिसपेन्सिल सैलसर जाईल असे, म्हणजे ६ ते १० मिलिमीटर, माप पानकापी व तिच्या गोतावळ्यास मानवते. काळ्या भुंग्यास अंगठा जाईल एवढा पोकळ वेळू लागतो. त्यासाठी चारदोन जाड नळ्या वेगळ्या, आडव्या टांगाव्या, म्हणजे तो गोठ्याचे वासे पोखरण्याच्या नादास कमी लागेल. अगदी चिमुकल्या, मुंगीएवढ्या दिसणाऱ्या ज्या सुतार-माश्या आहेत त्यांस पोकळ नळी नकोच. त्यांस मऊ गाभ्याची काडी हवी आणि तो गाभा त्या स्वतः कोरतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी शंकासुराच्या छाटलेल्या, वाळल्या फांद्यांत अशा माश्या वस्ती करतात हे दाखवून दिले आहे. शंकासुर आपल्याकडे शाळेच्या कुंपणाशी व देवळापुढे असतोच. त्याची छाटणी करून टोके उघडी ठेवली आणि छाटलेल्या काड्यांची जुडी तेथेच बांधली की काम झाले, खर्च शून्य. घायपाताचा फुलून वाळलेला दांडाही असाच उपयोगी; काळा भुंगा त्यावर जीव टाकतो. आपण मात्र बांध स्वच्छ दिसावा म्हणून तो आधी जाळतो.

लाकडाचा ठोकळा घ्यावयाचा तर बाभळीचा, दोन पावसाळे बाहेर राहून मुरलेला. भोके धान्याच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, आडवी पाडावी. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर पाडलेली भोके उन्हाने तडकतात आणि त्या फटींतून परोपजीवी शिरतात. भोक आरपार नेऊ नये. लाकडाचा मोठा दोष असा की ते उघडून साफ करता येत नाही. यावर तोड म्हणजे भोकात साध्या कोऱ्या कागदाची सुरळी घालावी आणि वर्षाने ती सुरळी तेवढी बदलावी. मेणकागद किंवा चकचकीत कागद नको. तोही ओल कोंडतो. डाळिंब परदेशी पाठविणाऱ्यांकडे मालाच्या फळ्या पुष्कळ पडलेल्या असतात. त्यांवरील शिक्का वाचावा. ‘एच टी’ म्हणजे लाकूड नुसते तापवून निर्जंतुक केलेले, ते चालेल. ‘एम बी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती फळी चुलीतही घालू नये, मग माशीघरास कशाला? हिरवट झाक असलेले औषधी लाकूड तांबे, क्रोम व सोमल यांच्या द्रावणाने भिनविलेले असू शकते. डांबर, वाळवीचे औषध, तेलरंग, चकाकी हे सर्व वर्ज्य. पावसापासून राखण रंगाने होत नाही. ती वळचणीने होते. औषधांच्या रिकाम्या डब्याचे घर करण्याचा विचार ज्यांच्या मनात येईल त्यांस आमचा साष्टांग नमस्कार.

घर टांगून विसरता येत नाही, हे तयार घर विकणारा सांगत नाही. अमेरिकेत व कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापी माशी मोठ्या प्रमाणावर पाळतात. तेथे १९७० नंतरच्या दशकात खडूसारख्या अळ्या करणाऱ्या बुरशीने मोठा उच्छेद मांडला, आणि तीच ती घरे वर्षानुवर्षे वापरणे हे ती पसरण्याचे एक प्रमुख कारण ठरले. एका जागी पुष्कळ घरे झाली की गोचिडीसारखे बारीक जीव, कोळिष्टके आणि कावळ्याच्या घरट्यात अंडे घालणाऱ्या कोकिळेसारख्या परभृत माश्या तेथे आयत्या जमतात. म्हणून शंभर नळ्यांची एक हवेली बांधण्यापेक्षा वीस-वीस नळ्यांच्या पाच झोपड्या शेताच्या पाच कोपऱ्यांस असाव्या. या माश्या सहसा काही शे मीटरांपलीकडे जातही नाहीत, त्या दृष्टीनेही तेच सोयीचे. भरलेल्या नळ्या हंगामानंतर एका झाकणाच्या खोक्यात ठेवाव्या आणि खोक्यास बाहेर पडण्यापुरते एक भोक ठेवावे. शेजारी नव्या नळ्या टांगाव्या. माश्या उजेडाकडे निघून नव्या घरी जातात. मग जुन्या नळ्या जाळाव्या. तोंड पूर्वेस असावे, दुपारनंतर सावली असावी, जमिनीपासून कमरेच्या वर असावे, आणि वाऱ्याने हिंदकळेल असे तारेवर लोंबकळत ठेवू नये. भाद्रपद सरताना, तूर फुलावर येण्यापूर्वी ते जागी असले म्हणजे पुरे.

बैठकीत एक आक्षेप असा निघाला की, अशा घरात माश्यांऐवजी कुंभारणीच शिरतात. आक्षेप खरा आहे. टोराँटो येथेच तीन वर्षे मिळून सुमारे सहाशे माशीघरांची पाहणी झाली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दरवर्षी जवळजवळ पाऊण हिस्सा घरांत तेथील एकाकी गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केल्याचे आढळले. शिवाय जमलेल्या माश्यांपैकी निम्म्याच्या आसपास परदेशातून आलेल्या जातींच्या होत्या. यावरून तेथील शास्त्रज्ञांनी असल्या घरांविषयी सावधगिरीचा इशारा दिला, तो योग्यच होय. परंतु कुंभारीण आपल्या पिलांस काय आणून घालते? हिरव्या अळ्या. ज्या अळीसाठी आपण कृषिसेवा केंद्रात उधारी करतो तीच ती सुन्न करून कोठडीत कोंबते. ती भाडेकरू म्हणून आली तर आम्ही तीस बाहेर काढणार नाही.

येथवर नळीची गोष्ट झाली, आता मातीची. दार लिंपणाऱ्या माश्यांस व कुंभारणींस ओली चिकणमाती लागते, आणि आपल्या भागात घरापेक्षा तिचाच दुष्काळ अधिक. गुरांच्या पाण्याच्या कुंडाशी जेथे थेंब गळतात तेथे पांढरीची किंवा ओढ्याची दोन पाट्या माती टाकून ठेवावी. ती औषध मिसळण्याच्या टाकीपाशी मात्र नसावी. जमिनीतील औषध माशीस कसे बाधते याचा पडताळा कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात भोपळ्याच्या पिकावर घेण्यात आला व तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. लागणीच्या वेळी जमिनीत इमिडाक्लोप्रिड दिलेल्या ठिकाणी, तेथील जमिनीत राहणाऱ्या एकाकी माशीने ८५ टक्के कमी घरे केली आणि तिची प्रजा ८९ टक्के कमी झाली. हे औषध आपल्या प्रत्येक दुकानाच्या फळीवर आहे. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्याचा व त्याच्या दोन भावंडांचा वापर बंद केला. डाळिंबावर तेल्या व फुलकिडे यांनी ज्याचा जीव मेटाकुटीस आला आहे त्यास ‘फवारू नका’ असे घरात बसून सांगण्याचे धारिष्ट आमच्याने होत नाही. पण फूल उमललेले असताना व सकाळच्या प्रहरी फवारू नये, बांधावर व भिंतीवर तो नेऊ नये, एवढे पाळण्यास कर्ज काढावे लागत नाही.

आणि मुळात या मंडळीचा मोठा भाग नळीत नव्हे, जमिनीतच राहतो. आपल्या तालुक्यात पूर्वी दगडमातीची धाब्याची घरे होती. त्यांच्या जाड भिंती, गावकूस, पडक्या वाड्यांचे बुरूज हे या माश्यांचे गावठाण. आता लोकांस पक्की घरे मिळाली. त्यात कोणास वाईट वाटण्याचे कारण नाही. गळत्या माळवदाखाली रात्र काढलेली माणसे त्याचे मोल जाणतात. परंतु घर नवे झाले म्हणून मागील परड्यातील जुनी मातीची भिंत यंत्र लावून सपाट केलीच पाहिजे असे नाही. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल आहे आणि गढ्याच्या गढ्या अशा उपसल्या गेल्या. भिंतीचा दक्षिण-पूर्व बाजूचा हातदोनहात उंचीचा तुकडा वर चार कौले ठेवून राखला, तर त्यात जितक्या माश्या राहतील तितक्या आमच्या सांगण्याबरहुकूम केलेल्या दहा जुड्यांतही राहावयाच्या नाहीत. बांधाचेही तेच. रुंद, न नांगरलेला, तणनाशक न पडलेला बांध हा पीकपाहणीत ‘पोटखराब’ म्हणून लिहिला जातो. तो शब्द आम्ही स्वतः हजारो वेळा लिहिला आहे. पण त्या रकान्यात उत्पन्न मांडण्याची सोय नाही, एवढ्यावरून तेथे उत्पन्न होत नाही असे ठरत नाही.

राहता राहिला संघाच्या पैशाचा प्रश्न. तयार घरांची खरेदी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या रकमेच्या अल्पशा भागात प्रत्येक गावी फिरते ठेवण्यासाठी विजेचे एक भोकयंत्र, ६, ८ व १० मिलिमीटरची पाती आणि एक बारीक करवत एवढे साहित्य येईल. पाती घेताना मात्र लांब मागून घ्यावी. दुकानात सर्रास मिळणारे पाते चार इंचांतच संपते आणि मग सहा इंच खोल भोक पडत नाही. बोरू कापण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. यंदाच्या घरांसाठी तो साधणार नाही, म्हणून यंदा शंकासुराच्या काड्या, घायपाताचे दांडे आणि बाभळीचे ठोकळे यांवर भागवावे. पुढील सालाचा बोरू ओढ्याकाठच्या सभासदांनी कापून वाळवून संघाच्या कोठारात आणून टाकावा, आणि ज्यांच्या शेतात ओढा नाही त्यांनी तो मोबदला देऊन न्यावा. नमुन्याचे घर परत पाठविण्याचा खर्च विक्रेता मागत असल्यास, त्यातील प्लास्टिकच्या नळ्या काढून खोके फराळाचे डबे ठेवण्यासाठी कचेरीत राहू द्यावे; त्यास बाकी काही दोष नाही.